खोटे बोलला म्हणून तुरुंग नको: खान्देशच्या आमदारांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील सर्व विधानसभा सदस्य

सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या ग्रामसभेने एक ठराव केला आहे. त्याची प्रत तुमच्याकडे येईल, कदाचित आलीही असेल. परीक्षेचा निकाल, नोकरी, पदवी, पुरस्कार किंवा सैन्यातली कामगिरी याबद्दल जो कोणी चारचौघांत खोटे सांगेल त्याला तीन वर्षांची कैद व्हावी, असा कायदा शासनाने करावा, ही मागणी त्यात आहे. सूचक झाले, अनुमोदक झाले, हात वर झाले, ठराव मंजूर झाला. मी त्या सभेला होते. मी हात वर केला नाही, पण उठून बोललेही नाही. सभा इतकी तापली होती की माझे धाडस झाले नाही. तेव्हा जे बोलायला हवे होते ते आता तुम्हा वीस जणांना लिहिते आहे, कारण कायदा शेवटी तुमच्या सभागृहात होतो.

मी तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात सव्वीस वर्षे ग्रंथपाल होते. वाचनालयाच्या माडीवर अभ्यासिका आहे, चव्वेचाळीस खुर्च्यांची. सकाळी सहाला मी कुलूप उघडायच्या आधीच पोरे पायऱ्यांवर बसलेली असत. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा, नाहीतर रात्रीची उरलेली खिचडी. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्म्या खुर्च्या ओस पडत आणि वेचणी आटोपली की पुन्हा भरत. पूर्व, मुख्य, शारीरिक चाचणी, मुलाखत, यादी. हे शब्द माझ्या कानांवरून इतके गेले आहेत की शेतकऱ्याच्या घरात पेरणी-निंदणी ऐकावी तसे ते मला ऐकू येतात.

ज्याच्यामुळे ठराव झाला तो मुलगा याच अभ्यासिकेतला. त्याचे नाव मी लिहिणार नाही, गावाने ते पुरेसे वापरले आहे. फौजदाराच्या परीक्षेला तो चार वेळा बसला. दोनदा मुख्य परीक्षेत अडकला. एकदा मैदानी चाचणीच्या आधी पाय मुरगळला. चौथ्या वेळी मुलाखतीपर्यंत गेला. अंतिम यादी लागली त्या संध्याकाळी त्याला यादीत स्वतःचा बैठक क्रमांक सापडला नाही. तीन गुणांनी राहिला. मोबाईल हातात धरून तो जिन्यात उभा होता आणि तेवढ्यात वडिलांचा फोन आला.

"यादी लागनी का रे? तुनं नाव उनं का?"

मागे डिझेल इंजिनाचा आवाज, वडील मळ्यात होते. पोरगा म्हणाला, "हां, उनं."

एवढेच. हे त्याने मला नंतर सांगितले, गाव सोडायच्या आदल्या दिवशी. म्हणाला, "ताई, त्या घडीला 'नही' हा शब्द तोंडातून निघाला नाही. रात्री सांगू, असं ठरवलं होतं." रात्रीपर्यंत गावात फटाके वाजले होते. सकाळी सहा फूट बाय दहा फुटांचा फ्लेक्स लागला. उघडी जीप, गुलाल, बँड, फेटा, मारुतीच्या पारापासून शाळेपर्यंत मिरवणूक. आई ओवाळायला ताट घेऊन उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "आमना पोऱ्या साहेब व्हई गया!" ज्या घरात सोसायटीचे कर्ज थकले म्हणून कोणी फिरकत नव्हते त्या घरासमोर तालुक्यातल्या पुढाऱ्यांच्या गाड्या थांबल्या. त्या गर्दीत त्याने कोणाला आणि कसे सांगायचे होते?

यात माझाही वाटा आहे आणि तो मी लपवणार नाही. अभ्यासिकेत एक काळा फळा आहे, त्यावर निवड झालेल्यांची नावे मी स्वतः खडूने लिहीत असे. दरवेळी यादी छापून आणायची, बैठक क्रमांक जुळवायचा आणि मगच नाव लिहायचे, हा माझा शिरस्ता होता. त्या दिवशी मी यादी उघडलीच नाही. चार वर्षे त्याला सकाळी सहाला पायरीवर पाहिले होते, आनंदाच्या भरात खडू उचलला आणि नाव लिहिले. आयोगाची यादी संकेतस्थळावर असते, कोणालाही उतरवून घेता येते. तीन मिनिटांचे काम. ते मी केले असते तर मिरवणुकीच्या आधी मी त्याच्या घरी गेले असते.

एक्केचाळीस दिवस हे चालले. मग शेजारच्या गावचा एक मुलगा, जो खरोखर यादीत होता, त्याने सहज विचारले की नाशिकच्या अकादमीत तुझी तुकडी कोणती. तिथून उलगडा झाला. मोबाईलवर यादी फिरली, तिच्याखाली मिरवणुकीचे फोटो फिरले आणि दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर शेण फेकलेले होते.

आता ठरावाकडे येते. गावाचा राग मला समजतो, तो खोटा नाही. अभ्यासिकेत त्याच्याच शेजारच्या खुर्चीवर बसणारी एक मुलगी त्याच यादीत खरोखर आली होती. तिच्या गावाने तिला नारळ आणि शाल दिली, याला जीप मिळाली. तिच्या वाट्याचे काहीतरी याने घेतले, असे तिला वाटले आणि ते बरोबर आहे. खोट्याने खऱ्याची किंमत उतरते. नंदुरबारच्या माणिक चौकात ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम ही पोरे गोळ्या खाऊन पडली. उद्या कोणी उठून सांगू लागला की त्या मिरवणुकीत माझा आजा पुढे होता आणि तो खरे तर त्या दिवशी गावातही नसेल, तर माझेही रक्त तापेल. मी त्याला तिथल्या तिथे गप्प करीन. पण त्याला बेड्या घाला, असे मी म्हणेन का? याचा मी बरेच दिवस विचार केला आणि माझे उत्तर नाही असे आहे.

तो नुसता बोलला तर नाही. त्या बोलण्यावर त्याने स्वातंत्र्यसैनिकाचे निवृत्तिवेतन उचलले तर मात्र हो. बीड जिल्ह्यातल्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण तुम्हाला आठवत असेल, ते २००५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिथे प्रश्न गप्पांचा नव्हता, सरकारी तिजोरीतून दरमहा निघणाऱ्या पैशांचा होता. माझ्या मते कायद्याची रेघ इथेच ओढली पाहिजे: खोटे सांगून काय घेतले, हे बघा. पैसा घेतला, नोकरी घेतली, जमीन घेतली, मत घेतले, तर तो गुन्हा. हार घेतला, तर ती लाज आहे. लाजेचा हिशेब गाव करते, त्याला पोलीस ठाणे लागत नाही.

आणि घेणाऱ्यांसाठी कायदा नाही, असे कोणी तुम्हाला सांगत असेल तर ते खरे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचे आहे. फसवून कोणाकडून माल-मत्ता काढून घेतली तर सात वर्षांपर्यंत कैद. दुसराच कोणी असल्याचे भासवून फसवले तर कलम ३१९. सरकारी अधिकारी असल्याचे सोंग घेऊन त्या अधिकाराने काही केले तर कलम २०४. सैनिक नसताना, सैनिक आहोत असे लोकांना वाटावे म्हणून सैनिकाचा गणवेश किंवा बिल्ला लावून फिरला तर कलम १६८, तीन महिन्यांपर्यंत कैद. बनावट प्रमाणपत्र केले किंवा वापरले, त्यासाठीची कलमे वेगळी. मे २०२३ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या निकालात आपली निवड झाल्याचा दावा दोन उमेदवारांनी केला, तेव्हा आयोगाने स्वतः पत्रक काढून सांगितले की दावे खोटे आहेत आणि कागद बनावट आहेत. त्यासाठी नवा कायदा लागला नाही. आपल्या राज्यात २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेत साडेसात हजारांहून अधिक उमेदवार गैरप्रकारामुळे अपात्र ठरले. त्यासाठीही जुनीच कलमे पुरली.

मग अडते कुठे? ते मी माझ्या घरातून सांगते.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सैन्यभरतीची तयारी करत होता. जिल्ह्याच्या गावी एक जण भेटला. अंगात लष्करी गणवेश, खांद्यावर तारे, घरात भिंतीवर बंदुकीसह फोटो. भरती कार्यालयात आपली ओळख आहे, मैदानात फक्त उतर, बाकी माझ्याकडे सोड, असे त्याने सांगितले. सात पोरांकडून प्रत्येकी साडेतीन लाख घेतले. माझ्या बहिणीने गळ्यातली सोन्याची पोत मोडली, उरलेल्यासाठी शेताचा तुकडा गहाण टाकला. नेमणुकीचे पत्र आले, त्यावर गोल शिक्का होता. ते घेऊन पोरगा रेल्वेने दूरच्या केंद्रावर गेला आणि फाटकावरच्या जवानाने पत्र वाचून त्याला हळूच सांगितले, बेटा, घरी जा.

त्यानंतर ती पोलीस ठाण्यात तीन वेळा गेली. हा देवाणघेवाणीचा विषय आहे, कोर्टात जा, असे दोनदा सांगितले गेले. तिसऱ्यांदा, तुम्हीही लाच दिलीत ना, मग तुमच्यावरही गुन्हा होईल, असे ऐकवले. गुन्हा दाखल व्हायला सात महिने लागले. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की तो नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात २०१३ साली स्पष्ट सांगून ठेवले आहे. माझ्या बहिणीला ते माहीत नव्हते. ठाण्यात ज्यांना माहीत होते त्यांनी सांगितले नाही.

सात पोरांपैकी दोन आमच्याच गावची होती. पण त्या माणसावर ग्रामसभेत ठराव झाला नाही, एक शब्दही निघाला नाही. त्याने पैसा नेला, घरे बुडवली, तरी गावाला वाटले की हे त्या-त्या घराचे दुःख. आणि ज्याने कोणाचा रुपयाही घेतला नाही, फक्त गावाच्या खांद्यावर बसून एक चक्कर मारली, त्याच्यासाठी तीन वर्षांची कैद. त्या मुलाची आई मला बाजारात भेटली तेव्हा पदर तोंडाशी धरून एवढेच म्हणाली, "ताई, मना पोऱ्यानी कोन्हं काय चोरं?" मला उत्तर देता आले नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तिथे २००५ चा एक कायदा होता: लष्करी पदक मिळाल्याचे खोटे सांगणे हाच गुन्हा. कॅलिफोर्नियातल्या झेवियर अल्वारेझ नावाच्या गृहस्थाने २००७ साली एका पाणीपुरवठा मंडळाच्या बैठकीत स्वतःची ओळख करून देताना सांगितले की मी पंचवीस वर्षे नौदलाच्या मरीन दलात होतो आणि मला देशाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले आहे. तो सैन्यात कधी गेलाच नव्हता. खटला झाला, शिक्षा झाली. पण २०१२ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदाच रद्द केला. माणूस खोटे बोलला यात कोणाला शंका नव्हती, त्याची बाजू घेणाऱ्या न्यायमूर्तींनाही नाही. त्यांचे म्हणणे असे की नुसत्या खोट्यावर सरकारने शिक्षा लावायला सुरुवात केली तर ती कुठे थांबवायची ते सांगता येणार नाही, आणि पदक मिळालेल्यांची नावे सगळ्यांना बघता येतील अशी ठेवली तर खोटे आपोआप उघडे पडेल. महिन्याभरात तिथल्या संरक्षण खात्याने नावांचे संकेतस्थळ सुरू केले. पुढच्या वर्षी, २०१३ साली, नवा कायदा आला आणि त्यात नेमकी ती रेघ ओढली गेली: पैसा, मालमत्ता किंवा दुसरा ठोस लाभ मिळवण्यासाठी पदकाचे खोटे सांगितले, तरच गुन्हा.

तिथले ते इथे कशाला, असे तुम्ही म्हणाल. आपल्या राज्यघटनेकडेच बघा. अनुच्छेद १९ मध्ये बोलण्याच्या स्वातंत्र्यावर बंधने कोणत्या कारणांसाठी घालता येतील ते मोजून दिले आहे: देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान आणि असेच आणखी काही. 'खोटे आहे' हे कारण त्या यादीत नाही. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, सरकारच्या कारभाराबद्दलचा मजकूर 'बनावट, खोटा, दिशाभूल करणारा' आहे हे केंद्राच्या पथकाने ठरवावे, हा नियम रद्द केला. हे शब्दच इतके सैल आहेत की त्यात काहीही बसवता येते, हेही एक कारण होते. सैल कलमाचे काय होते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक मजकुरावरून अटक झाली. ज्या कलमाखाली ती झाली ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६-अ कलम २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, पण त्या मुलींनी ठाण्यात काढलेले तास कोणी परत केले नाहीत.

आमच्या ठरावाप्रमाणे कायदा झाला तर काय होईल ते मला गावात बसून दिसते. यावलचा शेतकरी म्हणतो, माझ्या केळीचा घड पस्तीस किलोचा निघाला. पहिलवान म्हणतो, मी अमक्याला चीतपट केले. म्हातारा म्हणतो, मी तरुणपणी एका दमात तापी पोहून गेलो. लग्नाच्या बायोडाट्यात पगार दहा हजारांनी वाढलेला असतो. ज्याचे ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे तो त्याच्यावर गुन्हा नोंदवायला जाईल. आणि कोणाला अटक होईल? ज्याच्यामागे कोणी नाही त्याला. निवडणुकीच्या आधी घरोघर जे कार्यअहवाल वाटले जातात, त्यात जेवढी धरणे, रस्ते आणि पाणीयोजना 'माझ्या प्रयत्नांतून' लिहिलेल्या असतात, त्या प्रत्येक ओळीवरही मग फिर्याद होऊ शकेल. ती वेळ तुमच्यावर यावी असे मला वाटत नाही. पण ज्या कायद्याने ती तुमच्यावर येऊ नये असे तुम्हाला वाटेल, तो एका कापूस उत्पादकाच्या पोरावर कसा चालवणार?

मतासाठी खोटे सांगणे मात्र वेगळे आणि तिथे मी कडक आहे. उमेदवारी अर्जाबरोबरच्या प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. मणिपूरच्या एका आमदाराने अर्जात एमबीए लिहिले होते, ती पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांची निवड रद्द ठरवणारा निर्णय २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. उमेदवार किती शिकला हे कळण्याचा मतदाराला हक्क आहे, म्हणून. माझ्या रेघेत हे बसते: मत ही घेण्याची वस्तू आहे.

याच ओघात एक गोष्ट तुमच्याजवळ बोलायची आहे आणि ती मी मनापासून बोलते, टोमणा समजू नका. तिन्ही जिल्ह्यांत फ्लेक्सवर नावाआधी 'डॉ.' लावणाऱ्यांची गर्दी वाढली आहे. कुठल्यातरी हॉटेलच्या सभागृहात, कधी न ऐकलेल्या विद्यापीठाची मानद पदवी, काळा झगा, चौकोनी टोपी, फोटो. आमच्या वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमाची पत्रिका छापताना मला अशा तीन-तीन 'डॉक्टरां'ची नावे लिहावी लागली आहेत, आणि त्याच वेळी वर अभ्यासिकेत एक मुलगी पाच वर्षे खऱ्या पीएचडीसाठी कापसावरच्या बोंडअळीचे कागद चाळत बसलेली असे. पदवी देण्याचा अधिकार नसताना पदवी देणाऱ्या संस्थेला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यात दंड आहे, एक हजार रुपयांपर्यंत. १९५६ साली हजार रुपयांना मोल होते. आज तेवढ्यात त्या समारंभाचा एक हारही येत नाही. खोट्या यशाचा बाजार तोडायचा असेल तर हात इथे घाला. विकणाऱ्याचा दंड वाढवा, अशी केंद्राकडे मागणी करणारा ठराव विधिमंडळात आणा. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या नावाआधी असा 'डॉ.' असेल त्यांनी तो स्वतःहून काढावा. पद्म पुरस्कारसुद्धा नावाला पदवीसारखा जोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलेले आहे, मग हॉटेलातल्या पदवीचे काय?

त्या मुलाकडे परत येते, कारण पत्र त्याच्यासाठी आहे. तीन गुणांनी राहिलेल्या पोराला गावात कोणती जागा आहे? निवड झाली तर जीप. नाही झाली तर, "काय रे, चार वर्षे काय केले?" या दोन्हींच्या मधे काहीच नाही. फौजदाराच्या मुलाखतीपर्यंत गेलेल्या मुलाला कायदा येतो, भूगोल येतो, धावता येते, शिस्त अंगात भिनलेली असते. त्याला वापरून घ्यायला कोणी नाही. केंद्रीय लोकसेवा आयोग मुलाखतीपर्यंत पोहोचून मागे राहिलेल्या उमेदवारांची माहिती, त्यांच्या संमतीने, नोकरी देणाऱ्यांपर्यंत पोहोचवतो. त्या योजनेला आता प्रतिभा सेतू म्हणतात. राज्याच्या आयोगातून मागे राहिलेल्यांसाठी तसेच काहीतरी उभे करा. साखर कारखाना, बँक, पतपेढी, दूध संघ, सुरक्षेची कामे, सगळीकडे अशी माणसे लागतात. फोनवर "नही, नाव नही उनं, पण तीन मार्कांनी राहिलो, आता अमक्या ठिकाणी अर्ज टाकतो" असे म्हणता आले असते तर त्याने खोटे सांगितलेच नसते, असा दावा मी करत नाही. पण ते वाक्य म्हणण्यासारखे तरी असते.

गावांनाही सांगा. तुमचा शब्द ऐकतात. निवडीचे शिफारसपत्र किंवा यादीतला बैठक क्रमांक पाहिल्याशिवाय फ्लेक्स लावायचा नाही, जीप काढायची नाही, एवढे ग्रामपंचायतींनी पाळले तरी पुष्कळ. तुम्हाला कोणी सत्काराला बोलावले तर निघण्याआधी तुमच्या स्वीय सहायकाला यादी उघडायला लावा. आमच्याकडे त्या दिवशी शाल घालणाऱ्या कोणीही ती उघडली नव्हती. मीही नाही.

आणि पोलीस ठाण्यांकडे बघा. नोकरी लावून देतो, सैन्यात घालतो, मंत्रालयात ओळख आहे, असे सांगून पैसे नेणाऱ्यांच्या किती तक्रारी तुमच्या मतदारसंघात आल्या, कितींचा गुन्हा नोंदला गेला, किती महिन्यांनी, हे तिन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांना विचारा आणि उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवायला लावा. ग्रामसभेच्या ठरावावर प्रश्न विचारायचाच असेल तर हा विचारा. माझ्या बहिणीसारख्या बाया ठाण्याच्या बाकावर बसून आहेत, त्यांना नवे कलम नको आहे, जुने लागू करून हवे आहे.

तो मुलगा आता सुरतेला आहे, उधन्याच्या बाजूला, कापडाच्या गोदामात हिशेब ठेवतो. गावी येत नाही. फळ्यावरचे त्याचे नाव मी पुसले, ते पुसायलाच हवे होते, ते तिथे नको होते. पण त्याच फळ्याच्या डाव्या बाजूला आता आमच्या नव्या ग्रंथपाल ताईंनी, माझ्या सांगण्यावरून, एक वेगळा रकाना आखला आहे: मुलाखतीपर्यंत पोहोचलेले. यंदा त्यात चार नावे आहेत, चौघांनी स्वतःहून लिहायला सांगितली.

अधिवेशनाआधी तुमचे उत्तर आले तर ते वाचनालयाच्या सूचना फलकावर लावीन. ठरावाला पाठिंबा देणार असाल तरी लिहा. मग मी पुढच्या ग्रामसभेत उभी राहून, तुमचे पत्र वाचून, या वेळी बोलेन.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल
खान्देश